काळ्या रानातली फोर बाय फोर

जालना जिल्ह्यात फोर बाय फोर गाडीचा कस लागतो तो पावसाळ्यात, आणि तोही डांबरी रस्ता सोडल्यावर. अंबड, घनसावंगी, परतूर या गोदावरी-दुधनेच्या पट्ट्यात भारी काळी जमीन आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा पाणंदीच्या पहिल्या वळणाआधीच भरून टाकते. मग टायर नवा असो की गोटा झालेला, चारही चाकं जागच्या जागी गरगरतात. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे, अजिंठ्याच्या रांगा जवळ येतात तसा मुरूम आणि दगड लागतो. तिथं पकड मिळते, पण गाडीचं बूड दगडावर घासतं. काळ्या रानाला हलकी गाडी आणि खोल खाचांचे, चिखल झटकून टाकणारे टायर लागतात. मुरमाड उताराला बुडाची उंची आणि दणकट पाटे लागतात. जुनी गाडी शोधणाऱ्याने आधी आपली वाट कोणत्या रानातून जाते ते ठरवावं, मॉडेलचा विचार त्यानंतर.

जुन्या बाजारात दोन अगदी वेगळ्या यंत्रणा एकाच नावाने विकल्या जातात. पहिलीत गाडी लोखंडी चेसिसवर उभी असते, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो आणि चालकाच्या हाताशी दुसरा दांडा किंवा एक बटण असतं. बहुतेक गाड्यांत रस्त्यावर फक्त मागची चाकं ओढतात, गरज पडली की पुढची जोडली जातात, त्याला ‘फोर हाय’ म्हणतात. त्याखेरीज ‘लो’ची पायरी असते. तिच्यात गाडीचा वेग घटतो आणि चाकावरचा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो. दुसऱ्या यंत्रणेत लो नसतो. पुढची चाकं घसरू लागली की इलेक्ट्रॉनिक क्लच मागच्या चाकांना आपोआप जोर देतो. रेनो डस्टरची आणि महिंद्रा एक्सयूव्ही ५००ची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती या प्रकारातली. ओल्या घाटरस्त्याला ती उत्तम, पण गुडघाभर चिखलात सतत राबवली तर तिचा क्लच तापतो आणि यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देते. शेतातून काही ओढून आणायचं असेल तर ही गाडी घेऊ नये.

दांडा किंवा बटण आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहणं फार महत्त्वाचं. मागच्या दारावर लावायची फोर बाय फोरची पाटी बाजारात सुटी मिळते. 2020 साली आलेली नवी थार सुरुवातीला फक्त फोर बाय फोर होती, पण जानेवारी 2023पासून तिची दोन चाकं ओढणारी आवृत्तीही विकली जाऊ लागली, आणि दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. फॉर्च्युनर 2009 मध्ये आली ती चारही चाकं ओढणारी म्हणूनच. 2012पासून टू व्हील ड्राइव्हही निघाली आणि खप तिचाच जास्त झाला. बोलेरो आणि स्कॉर्पिओ जालन्याच्या गल्लीगल्लीत दिसतात, मात्र त्यांतल्या फोर बाय फोर शोधाव्याच लागतात.

या भागासाठी विचारात घ्यावीत अशी मॉडेलं मोजकीच आहेत. जिप्सी हलकी असल्यामुळे चिखलावरून निघून जाते, पण तिचं पेट्रोल इंजिन लहान आणि वजन टनाच्या आसपास, त्यामुळे ओढण्याच्या कामाला ती कच्ची. 2023ची जिम्नी याच घराण्यातली. तिलाही तोच नियम लागू. जुनी टाटा सफारी फोर बाय फोर प्रवासाला ऐसपैस आणि किमतीला स्वस्त, पण तिचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. तिच्या इंजिनाचे भाग मिळतील. बटणावर चालणाऱ्या ट्रान्सफर केसची मोटर बिघडली की शोधाशोध सुरू होते. इसुझू व्ही-क्रॉस 2016 मध्ये आली. लांब बूड आणि दोन टनांच्या आसपास वजन यांमुळे ती ओढायला भक्कम, मात्र पाणंदीत वळवताना मागेपुढे करावं लागतं. फॉर्च्युनर टिकाऊपणात सगळ्यांच्या पुढे आहे आणि तिची जुनी किंमतही तशीच चढी असते.

सगळं जमेस धरता जालन्यासारख्या ठिकाणी 2010 ते 2020 या काळातली थार हाच सर्वांत समंजस सौदा ठरतो. तिच्या डीआय आवृत्तीत यांत्रिक डिझेल पंप असल्यामुळे ती बोलेरो हाताळणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीकडे दुरुस्त होते. सीआरडीई आवृत्तीला जोर जास्त, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. 2015च्या सुधारणेनंतर तिला मागे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियलही मिळू लागलं. एक चाक अधांतरी झालं तरी दुसरं ओढत राहतं, हा त्याचा फायदा काळ्या मातीतल्या चाकोरीत लगेच कळतो. बीएस-६ डिझेल गाडी जुनी घेताना वापर आधी पाहावा. घर ते शेत एवढ्याच हळू, तोकड्या फेऱ्या झाल्या तर धुराच्या नळीतली डीपीएफ नावाची गाळणी काजळीने चोंदते; तिला अधूनमधून मोठ्या रस्त्यावरची लांब पल्ल्याची धाव हवी असते.

पारख करायची ती बॉनेट उघडून नव्हे, गाडीखाली शिरून. इंजिन धुऊन चमकवता येतं, ट्रान्सफर केस कोणी चमकवत नाही. त्याचा ऑइलचा बोल्ट मिस्त्रीकडून सैल करून घ्यावा. ऑइल दुधाळ असेल तर गाडी ओढ्यात बुडालेली आहे. त्यात लोखंडाचा कीस दिसला तर आतले दात झिजले आहेत. हीच तपासणी पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलची. प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला की क्रॉस ढिला आहे का ते कळतं. चारही टायर एका मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर लावून फोर बाय फोर वापरली असेल तर पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि त्याचा भार ट्रान्सफर केसवर पडतो. चेसिसच्या पोकळ दांड्यांत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो, म्हणून तिथं हातोडीने टकटक करावी. बद्द आवाज आला तर गंज आतून खात आहे. जालन्याच्या कोरड्या हवेतल्या गाड्या यात बऱ्या असतात. एमएच ०७ किंवा एमएच ०८, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची गाडी स्वस्त मिळाली तरी बूड पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

त्यानंतर गाडी मोकळ्या मातीवर न्यावी. फोर हाय टाकून सरळ चालवावी, मग थांबून लो टाकावा आणि पहिल्या गिअरमध्ये चढ चढावा. दांडा अडकतो का, खट् असा आवाज येतो का, लो आपोआप सुटतो का, हे पाहावं. डांबरावर फोर बाय फोर टाकून वळवू नये, त्यात यंत्रणा आवळली जाते. एक उलटी वाटणारी गोष्ट इथं लक्षात घ्यावी. शहरातल्या हौशी मालकाची, दांडा कधीच न हललेली गाडी ही शेतात वापरलेल्या गाडीपेक्षा चांगली असेलच असं नाही. जोडणीचे भाग वर्षानुवर्षं न हलल्यामुळे जाम होतात, सील सुकतात. बंपरवर ओरखडे असलेली, पण ऑइल वेळेवर बदललेली गाडी अनेकदा अधिक भरवशाची निघते.

ओढण्याबाबत ताकदीपेक्षा वजन आणि ब्रेक यांचा विचार आधी करावा. शेतमालाची ट्रॉली आणि पाण्याचा टँकर हे ट्रॅक्टरचंच काम आहे. फोर बाय फोरच्या वाट्याला येतो तो छोटा ट्रेलर, जनरेटर, किंवा रुतलेली दुसरी गाडी. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या ओझ्यापेक्षा जड असावी, नाहीतर उतारावर ट्रेलरच गाडीला ढकलतो. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला 750 किलोंची कमाल मर्यादा आहे, आणि ती आपल्याकडेही पाळण्याजोगी आहे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. माल मागे भरला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. आधीच्या मालकाने ओढण्याचं काम केलं असेल तर खूण क्लचमध्ये सापडते: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली.

हुक कुठे बसवला आहे हेही पाहावं. तो चेसिसला बोल्टने जोडलेला असावा. बंपरला वेल्डिंग केलेला हुक केवळ शोभेचा. रुतलेली गाडी झटका देऊन ओढताना ट्रेलरचा गोळा वापरू नये. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. साखळीही तशीच घातक, म्हणून रुंद पट्टा घ्यावा आणि ओढताना बघ्यांना लांब उभं करावं. पुढे लोखंडी बुलगार्ड असेल तर किमतीतून त्याचे पैसे वजा करावेत: डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52च्या विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं आहे. ट्रेलर हेही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच असल्याने त्याची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते.

कागदपत्रांत जुन्या जीपचं प्रकरण सर्वांत नाजूक. लष्करी लिलावातून आलेल्या कित्येक जीपमध्ये नंतर दुसरंच इंजिन बसवलेलं असतं. इंजिन नंबर आरसीवर चढवलेला नसेल तर ती गाडी म्हणजे डोकेदुखी. दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांचाही मोह पडतो. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध आणले आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हापासून तिथल्या फॉर्च्युनर आणि सफारी बाहेरच्या राज्यांत कमी किमतीत येतात. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरून एमएच २१ क्रमांक घ्यावा लागतो, तोही खर्च सौद्यात धरावा. राज्यातल्याच गाडीसाठी फॉर्म 29 आणि 30, आणि बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 पुरतात. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हा भुर्दंड नव्या मालकावरच येतो.