हॅश तोच, गणित वेगळे

तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत २०२२ साली ‘परम पोरुल’ हा ८३८ टेराफ्लॉप्सचा महासंगणक सुरू झाला. पुण्याच्या सी-डॅकचे हे काम, त्याचा अभिमान रास्तच. पण अशा यंत्रावर निघालेला आकडा दुसऱ्याला पुन्हा काढता येईल काय, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

त्या शहराच्या पूर्वेला कावेरीचा त्रिभुज प्रदेश पसरतो. तंजावरच्या गावांत कुरुवै भात मेट्टूर धरणाच्या पाण्यावर उभे राहते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने याच पट्ट्यातील नारळबागा आडव्या केल्या. पूर-पावसाच्या प्रारूपांवर इथे पीक आणि घरदार अवलंबून असते.

“आम्ही कोड खुला केला आहे” हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अपुरे आहे. डायनॅमिक लिंक केलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘एक्स्प’ किंवा ‘लॉग’ या फलनांचे बहुधा नावच असते. प्रत्यक्ष गणित शेअर्ड लायब्ररीत. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर लिंकर त्या नावाची व्याख्या ठरलेल्या क्रमाने शोधतो आणि पहिली सापडेल ती जोडतो. लिनक्सवर ‘एलडी_प्रीलोड’ या चलात एखाद्या लायब्ररीचा पत्ता लिहिला, की ती इतर लायब्रऱ्यांच्या पुढे जाऊन बसते. कल्लणै बंधाऱ्याच्या वरच कोणी चर खणावा, तसे: खालचे दरवाजे जागच्या जागी, पाणी भलत्याच शेतात. सोर्स कोड तोच, बायनरीचा हॅश तोच, उत्तर देणारे फलन मात्र निराळे.

“शेवटच्या बिटाने काय होते?” असे विचारणाऱ्यांनी एडवर्ड लोरेन्झ आठवावेत. १९६१ मध्ये त्यांनी ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ भरले आणि पुढचे हवामान ओळखू येईना. आयईईई ७५४ हे मानकदेखील या फलनांच्या अचूक राउंडिंगची शिफारस करते, सक्ती नव्हे, ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत ती नव्याने लिहिली गेली. समूह-अंदाजांची सरासरी एवढा फरक पचवते, हे मान्य. पण प्रीलोड शेवटच्या बिटापाशी थांबत नाही. यादृच्छिक संख्या देणारे, वेळ सांगणारे, फाइल उघडणारे फलनही तो बदलू शकतो.

म्हणून प्रीलोडवर बंदीच घाला, असे म्हणणारेही मला तितकेच चुकीचे वाटतात. याच युक्तीने ‘जेमॅलॉक’ जोडून मेमरी-वाटप पारखता येते, तेही मूळ प्रोग्रॅमला हात न लावता. आक्षेप लपवण्याला आहे. ‘एलडी_डीबग’ या चलाला ‘बाइंडिंग्ज’ ही किंमत दिली, की कोणते नाव कोणत्या फाइलशी जोडले गेले, हे लिंकर स्वतःच छापून देतो. सार्वजनिक पैशाच्या यंत्रावर केलेल्या प्रत्येक गणनेच्या शोधनिबंधाला ती यादी जोडणे सक्तीचे करावे. यादी लांबलचक निघते, हे खरे. पुरवणीत आपण एरवी काय कमी पाने भरतो?