मागे उभा राहणारा

कुडाळात थंडी पडली की मैदानांवर टेनिस बॉल क्रिकेटचा धुरळा उडतो. फुटबॉल बघायचा तर बांदा ओलांडून गोव्यात जावं लागतं. तिथल्या धेंपो क्लबचा माजी बचावपटू समीर नाईक मला फार मोठा वाटतो. 2005 ते 2012 या काळात धेंपोने पाचदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, 2008 मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. गोल स्ट्रायकर रँटी मार्टिन्सने केले, नाव त्याचं झालं, ते योग्यच. पण दशावतारात राजाचा प्रवेश पखवाजावर तोललेला असतो, तसा नाईक मागे उभा. हेडर, टॅकल, ओरडून बचावफळी सरळ ठेवणं, यातलं काहीच गुणफलकावर येत नाही. दिवस नंतर फिरले. 2015 मध्ये धेंपो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीत घसरला. 2016 मध्ये ती श्रेणी जिंकूनही क्लबने आय-लीगमधून माघार घेतली. पुढे नाईक त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि 2024 मध्ये त्याने धेंपोला पुन्हा आय-लीगमध्ये नेलं. आपल्या पोरांना परदेशी स्ट्रायकरांची नावं पाठ आहेत. त्यांना नाईकचे जुने सामने दाखवायला हवेत, तेही चेंडूवरची नजर काढून त्याच्या पायांकडे बघायला सांगून.