सपातांचे राज्य : आल्बँ शालांदों आणि दोन खुर्च्यांमधला दरवाजा

१. मित्रहो, इतिहास म्हटला की आपले डोळे तलवारीकडे, तहाकडे आणि तख्ताकडे वळतात. आजचा धागा हिशेबाच्या वहीविषयी आहे. त्यात युद्ध नाही. एक मंत्री आहे, एक तेलकंपनी आहे, आणि विसाव्या शतकातील फ्रान्सला चांगलाच महाग पडलेला एक गोड गैरसमज आहे : देश कंपनीसारखा चालवावा, आणि कंपनी मंत्र्याच्या हाती द्यावी.

२. फ्रेंच भाषेत यासाठी एक खास शब्द आहे, पाँतुफ्लाझ. 'पाँतुफ्ल' म्हणजे घरात घालायच्या मऊ सपाता. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या बोलीत तो रुजला. सरकारी सेवेचे जड बूट उतरवायचे आणि खासगी उद्योगाच्या सपातांत पाय घालायचे, असा त्याचा भाव. ज्या समाजाला एखाद्या दोषासाठी इतका लडिवाळ शब्द सापडतो, त्या समाजाने तो दोष केव्हाच घरात घेतलेला असतो.

३. आपला नायक आल्बँ शालांदों. जन्म १९२०, मृत्यू २०२०, म्हणजे पुरते शतक. नाझी व्यापाविरुद्ध तो प्रतिकार चळवळीत लढला, १९४४ च्या पॅरिसमुक्तीत सहभागी झाला. पुढे अर्थखात्याचा निरीक्षक, मग बँकर, मग द गोलच्या पक्षाचा सरचिटणीस, खासदार, मंत्री. हे मुद्दाम आधी सांगतो. पुढील टीका कोणा भित्र्यावर किंवा भुरट्यावर नाही. माणूस शूर होता, बुद्धिमान होता, कर्तबगार होता. म्हणूनच त्याचे उदाहरण उपयोगाचे आहे.

४. १९६८ ते १९७२ या काळात तो बांधकाम व गृहनिर्माण खात्याचा मंत्री होता. स्वस्त स्वतंत्र घरांसाठी त्याने १९६९ मध्ये मोठी स्पर्धा जाहीर केली. हजारो घरे उभी राहिली आणि लोक त्यांना त्याच्याच नावावरून 'शालांदोनेत' म्हणू लागले. त्यांतील पुष्कळ घरांच्या भिंती आणि छपरे लवकरच कुरकुरू लागली, आणि ते नाव थट्टेचा विषय झाले.

५. त्याच काळात त्याने द्रुतगती महामार्ग खासगी कंपन्यांना बांधायला आणि पथकर वसूल करायला देण्याचा मार्ग खुला केला. १९७० नंतर अशा चार कंपन्या उभ्या राहिल्या. समर्थक आजही म्हणतात, बघा, रस्ते किती झपाट्याने झाले! झाले, हे खरे. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या चारांपैकी तीन कंपन्यांचा भार सार्वजनिक क्षेत्राला उचलावा लागला. खासगी उरली ती एकटी कोफिरूत. पीक आले तर सावकाराचे, बुडाले तर गावाचे, असा हा हिशेब.

६. १९७७ साली तोच शालांदों एल्फ-आकितेन या तेलकंपनीचा प्रमुख झाला. ही कंपनी साधी नव्हती. आदल्याच वर्षी सरकारी तेलसंस्था आणि आकितेनमधील वायुउत्पादक कंपनी यांच्या एकत्रीकरणातून ती जन्मली होती. तिच्यात बहुसंख्य वाटा सरकारचा होता. म्हणजे मंत्र्याने सरकार सोडून कंपनी धरली असे म्हणणेही पुरते खरे नाही. त्याने एका सरकारी दालनातून दुसऱ्या सरकारी दालनात प्रवेश केला. फरक एवढाच, की या दुसऱ्या दालनात संसदेचे प्रश्न पोहोचत नव्हते.

७. आधीचा प्रमुख पिएर ग्योमा हाही त्याच मार्गाने आलेला. तो द गोलच्या काळात संरक्षणमंत्री होता, त्याआधी अणुऊर्जा आयोगाचा प्रशासक. दरवाजा उलटाही फिरतो, हे लक्षात ठेवा : रेनॉ ही मोटारकंपनी वीस वर्षे चालवणारा पिएर द्रेफ्युस १९८१ मध्ये समाजवादी सरकारात उद्योगमंत्री झाला. डावे असोत की उजवे, सपाता सगळ्यांच्याच मापाच्या होत्या.

८. आता या कारकिर्दीचा गाभा. १९७३ च्या तेलसंकटाने युरोप धास्तावला होता. अशा वेळी आल्दो बोनासोली नावाचा इटालियन शोधक आणि आलँ द व्हिलेगास नावाचा बेल्जियन सरदार एक यंत्र घेऊन आले. विमानात ते ठेवा, वरून उडा, आणि जमिनीखालचे तेल पडद्यावर पहा! समुद्रातील पाणबुड्याही त्यातून सापडतील, असे आमिष सोबत होते. १९७६ मध्ये, ग्योमाच्या कारकिर्दीत, पहिला करार झाला. १९७८ मध्ये शालांदोंच्या काळात तो पुढे वाढवण्यात आला.

९. विहिरी खोदल्या, तेल लागले नाही. तरी पैसा वाहतच राहिला, कारण सारे 'राष्ट्रीय गुपित' होते. गुपिताचा गुणधर्म असा, की त्याच्या आत शिरलेल्या माणसाला शंका विचारणे अपराधासारखे वाटते. बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवायचे नाही, लेखापरीक्षकाला सांगायचे नाही, संचालकांनाही पुरते कळू द्यायचे नाही. मग भूल ओळखणार कोण?

१०. ती ओळखली १९७९ मध्ये, एका भौतिकशास्त्रज्ञाने. अणुऊर्जा आयोगाच्या ज्यूल होरोविट्झने एक पट्टी भिंतीआड ठेवण्याचे ठरवले आणि यंत्राला ती दाखव म्हटले. ठेवण्यापूर्वी त्याने ती गुपचूप काटकोनात वाकवली. यंत्राच्या पडद्यावर झळकली सरळ पट्टी! चित्र आधीच तयार करून ठेवलेले होते. कोट्यवधी फ्रँकची माया एका वाकवलेल्या पट्टीने उघडी पाडली.

११. इथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ही चूक शालांदोंने सुरू केली नव्हती, तिचा वारसा त्याच्याकडे आला होता. शिवाय तपासणी झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. मान्य. न्याय करायचा तर पूर्ण करावा. पण प्रश्न 'कोण फसला' एवढाच नाही. फसवणूक कोणाचीही होते. फसल्याचे कळल्यावर, ज्यांचा पैसा गेला त्यांना सांगितले का, हा खरा प्रश्न आहे.

१२. सांगितले नाही. काही रक्कम परत मिळवली, उरलेली गेली, आणि तोंडावर बोट. प्रकरण पंतप्रधान रेमाँ बार आणि राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार द'एस्तँ यांना ठाऊक होते. लेखापरीक्षा न्यायालयाच्या फ्रांस्वा जिकेल या अधिकाऱ्याने अहवाल लिहिला, तोही मोजक्याच प्रतींत. आणि न्यायालयाचा प्रमुख बेर्नार बेक याने १९८२ मध्ये आपल्याकडील अहवाल नष्ट केला. ज्याने राष्ट्राची वही सांभाळायची त्यानेच पान फाडले. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची?

१३. डिसेंबर १९८३ मध्ये 'ल कानार आँशेने' या व्यंगसाप्ताहिकाने सारे चव्हाट्यावर आणले, तेव्हा कुठे देशाला कळले. माजी राष्ट्राध्यक्ष दूरचित्रवाणीवर आले आणि आपल्याजवळची अहवालाची प्रत त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरली. १९८४ मध्ये संसदीय चौकशी बसली. क्षणभर थांबून या दृश्याचा विचार करा. सार्वजनिक पैशाचा दस्तऐवज सार्वजनिक दप्तरात नव्हता, एका माजी सत्ताधीशाच्या खासगी कपाटात होता. इतिहासकाराला याहून भयंकर चित्र दुसरे कोणते?

१४. शालांदों १९८३ पर्यंत एल्फमध्ये होता. त्याआधी १९८१ मध्ये त्याने टेक्सासगल्फ ही अमेरिकी कंपनी विकत घेण्याचा मोठा व्यवहार केला. नव्या सरकारशी त्याचे खटके उडाले. बाहेर पडला. मग संन्यास? नव्हे. १९८६ मध्ये तो न्यायमंत्री झाला!

१५. आणि न्यायखात्यात त्याने काय आणले? तुरुंग खासगी कंपन्यांकडे देण्याची योजना. विरोध इतका झाला, की २२ जून १९८७ च्या कायद्यात तडजोड करावी लागली : इमारत, जेवण, देखभाल कंपन्यांकडे, पहारा आणि कैदेचे अधिकार सरकारकडेच. त्यातून १३,००० जागांचा तुरुंग-कार्यक्रम उभा राहिला. सत्तरच्या दशकातला रस्ता, ऐंशीच्या दशकातला तुरुंग, विचार एकच. पथकराच्या नाक्यावर उभे राहून पाहिले, की कैदीही वाहनासारखा दिसू लागतो.

१६. माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. मंत्र्याने उद्योगात जाणे किंवा उद्योजकाने मंत्री होणे हे पाप नाही. पाप आहे ते दोन्ही घरांचे नियम सोयीने बदलण्यात. चूक झाली की कंपनीचे 'व्यापारी गुपित' पुढे करायचे. कंपनीला हिशेब विचारला की 'राष्ट्रहित' पुढे करायचे. दोन ढालींमागे उभा असलेला माणूस कितीही सज्जन असो, त्याच्यावर नागरिकाचा एकही प्रश्न पोहोचत नाही.

१७. याचे फळ पुढे दिसले. एल्फमधल्या गुप्ततेची सवय शालांदोंबरोबर गेली नाही. १९८९ ते १९९३ या काळात कंपनीचा प्रमुख असलेला लोइक ल फ्लोक-प्रिजाँ, जो आधी उद्योगमंत्री द्रेफ्युसच्या कार्यालयाचा प्रमुख होता, याला २००३ मध्ये कंपनीच्या पैशाच्या अपहाराबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. शालांदोंवर तसा कोणताही ठपका नाही, हे पुन्हा सांगतो. पण जिथे प्रामाणिक माणसाला हिशेब मागितला जात नाही, तिथे अप्रामाणिक माणसासाठी दार उघडेच राहते.

१८. फ्रान्स शिकला का? उशिरा, आणि थोडे. सरकारी अधिकाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा १९१९ पासूनच होता. पण माजी मंत्र्याने पद सोडल्यावर तीन वर्षे खासगी नोकरीपूर्वी स्वतंत्र प्राधिकरणाचे मत घ्यावे, ही अट आली २०१३ मध्ये, आणि तीही अर्थखात्याच्या एका मंत्र्याचे परदेशी बँकखाते उघड झाल्यावर. कारकुनाला जे बंधन एका शतकापूर्वी, ते मंत्र्याला काल-परवा.

१९. तेव्हा, तरुण मित्रहो, पुढच्या वेळी कोणी तुम्हांला म्हणाले, "अमुक माणूस कंपनी उत्तम चालवतो, त्याच्या हाती राज्य द्या," तर त्याच्या नफ्याचे आकडे विचारू नका. एवढेच विचारा : त्याची चूक झाली तेव्हा ती कोणाला कळली, किती दिवसांनी कळली, आणि तिचा कागद आज कुठे आहे?

२०. गड-किल्ल्यांवर जरूर जा. पण एकदा एखाद्या दप्तरखान्यातही जाऊन बसा. तिथे जपलेला प्रत्येक कागद म्हणजे होरोविट्झची वाकवलेली पट्टी आहे. सत्ता पडद्यावर नेहमी सरळ रेषच दाखवते. भिंतीमागे पट्टी वाकलेली आहे, हे सांगणारा कागद जपला, तर उद्याचा नागरिक फसणार नाही.