दुर्बीण देताना
शाळेस दुर्बीण भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमचे नम्र सांगणे आहे : पाचशेपट विवर्धनाच्या जाहिरातीस भुलू नये. ९०० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीस २५ मि.मी.ची नेत्रिका ३६ पट, १० मि.मी.ची ९० पट विवर्धन देते. चंद्रावरील विवरे व शनीची कडी पाहण्यास या दोन पुरेशा आहेत. रंगीत फिल्टरही नंतर घेता येतील.

मात्र नेत्रिकेत बसणारा सौरफिल्टर कदापि वापरू नये. उष्णतेने तो तडकतो व दृष्टी जाऊ शकते. प्रमाणित सौरफिल्टर दुर्बिणीच्या पुढील तोंडावरच घट्ट बसवावा.

ग्रहणात दारे लावून घेणारी घरे बीड जिल्ह्यात आजही आहेत. ऐकीव गोष्ट स्वतः पारखावी, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपली मुले तसे पारखू पाहतात. त्यांचे डोळे जपणे हे आपले कर्तव्य आहे.