साक्षात्कार नको, झोप हवी

सायकेडेलिक द्रव्यांवरील संशोधनाविषयी आपल्या साहित्यवर्तुळात जी चर्चा होते तिचा सूर ठरलेला असतो. प्रथम ऋग्वेदातला सोम येतो. मग सोम म्हणजे अळंबीच, हे गॉर्डन वासन यांचे १९६८ मधले अनुमान सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. शेवटी संतांच्या अनुभूतीवर विज्ञानाने शिक्कामोर्तब केले, असा समारोप होतो. 'सामान्य माणूस याचीच वाट पाहत होता' हे पालुपद मध्ये कोठेतरी असतेच. आमचे भांडण या पालुपदाशी आहे.

आम्ही दहिसरचे. मुंबई संपते तो नाका आमचा. येथल्या दोन खोल्यांच्या घरात नैराश्याचा रुग्ण असेल, तर घरच्यांचे प्रश्न तीन असतात: गुण येईल का, खर्च किती, आणि कामावर किती खाडे पडतील. चौथा प्रश्न ते उच्चारत नाहीत: शेजारी कळेल का? विश्वाशी एकरूप होण्याची मागणी त्यांनी कोठेही नोंदवलेली नाही.

मग ती आली कोठून? १९६२ साली वॉल्टर पान्के यांनी बॉस्टनमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर सायलोसायबिनचा प्रयोग केला. गूढानुभव मोजण्याचे त्यांचे निकष बव्हंशी डब्ल्यू. टी. स्टेस यांच्या १९६० मधल्या तत्त्वज्ञानग्रंथावर बेतलेले होते. आजच्या प्रश्नावल्या त्याच वंशातल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या २००६ च्या गाजलेल्या अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश स्वयंसेवकांनी हा अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांत गणला. पण ते ३६ जण निरोगी होते आणि आधीपासूनच धार्मिक वा आध्यात्मिक आचारात रमलेले होते, हे सांगायला आपले चर्चक विसरतात. ही प्रश्नावली उद्या मराठीत आली तर काय होईल? अभंग ऐकत वाढलेला माणूस 'सर्व काही एकच आहे असे जाणवले काय?' या प्रश्नाला सहज होकार देईल. तो होकार औषधाचा की कीर्तनाचा, हे कोण ठरवणार?

रुग्णांवरची आकडेवारी अधिक संयत आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनी लक्षणीय उतार दिसला. बारा आठवडे टिकलेला गुण मात्र त्या गटातल्या साधारण पाचांतल्या एकालाच आला. आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करणे यांच्या नोंदी सर्वच गटांत झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने एमडीएमएच्या उपचाराला मान्यता नाकारून आणखी एक चाचणी मागितली. आशा आहे, पण ती औषधाची आशा आहे. तिला मोक्षाचे वस्त्र नेसवण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल: सामान्य माणसाला अध्यात्म नको म्हणणे हा उच्चभ्रू तुच्छभाव नव्हे काय? नव्हे. त्याच्याकडे अध्यात्म आहेच. वारी आहे, भजन आहे. प्रयोगशाळेतून तो ते मागत नाही, इतकेच. मेक्सिकोतील वाउत्ला गावच्या मारिया साबिना या वैदूबाईंचे उदाहरण पाहावे. वासन यांनी १९५७ साली 'लाइफ' साप्ताहिकातून त्या अळंबीचा गवगवा केला आणि देवाच्या शोधात परदेशी तरुणांची रीघ लागली. साबिनाबाईंचे घर जाळले गेले. पूर्वी अळंबी खाल्ली जाई ती आजारी माणूस बरा व्हावा म्हणून, केवळ देव शोधण्यासाठी नव्हे, असे त्यांचे सांगणे होते. सामान्य जनांना काय हवे असते, याचे इतके स्वच्छ उत्तर आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न आहे तो बसायचे कोणी, हा. सायलोसायबिनचे एक सत्र सहा ते आठ तासांचे. सोबत बहुधा दोन प्रशिक्षित माणसे. मागेपुढे आणखी बैठकी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार आपल्या देशात लाखामागे मनोविकारतज्ज्ञ एकही पुरता नव्हता, प्रमाण ०.७५ होते. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आठ मिनिटे मिळण्याची मारामार, तेथे आठ तास कोण देणार? १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांसाठी दार किलकिले ठेवतो. त्या दारातून आत जाण्याचा रस्ता, मनुष्यबळ आणि पैसा हे मागण्याचे विषय आहेत. त्यांवर आपण परिसंवाद घेत नाही, सोमावर घेतो.

साहित्याच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना येथे काम नाही असे नाही. असल्या चाचण्या उद्या मुंबईत झाल्या, तर रुग्णापुढे एक संमतिपत्रक ठेवले जाईल. धोका काय, लाभ किती अनिश्चित, मध्येच नको म्हणण्याचा हक्क कसा बजावायचा, हे त्यात घरच्या सर्वांना कळेल अशा मराठीत लिहिलेले असावे लागेल. शासकीय परिभाषेने ते होणार नाही, आणि 'अनिर्वचनीय' हा शब्द वापरून तर मुळीच नाही. ते लिहिण्याची तयारी आपल्यापैकी कोणाची आहे?