मानेतील अरुंद धमनी : शस्त्रक्रिया की स्टेंट?

गादीवर बसून हिशेब लिहिताना हातातील लेखणी एकाएकी गळून पडते, शब्द ओठांवर येऊनही उच्चारता येत नाही, किंवा एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार येतो. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. ‘पित्त झाले असेल’, ‘जागरण बाधले असेल’ असे म्हणून घरची मंडळी तो प्रसंग विसरून जातात. वस्तुतः तो मेंदूने दिलेला इशारा असू शकतो. पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यापूर्वी कित्येकदा असा लहान झटका येऊन जातो, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून लक्षणे ओसरली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मानेच्या दोन्ही बाजूंनी कॅरोटिड नावाच्या दोन मोठ्या धमन्या वर जातात. जबड्याच्या खाली प्रत्येकीचे दोन फाटे होतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे या फाट्यापाशी मेदाचा थर साचतो. वाट अरुंद होणे एवढाच त्यातील धोका नाही. त्या थराचा कण किंवा त्यावर जमलेली रक्ताची गुठळी सुटून मेंदूत अडकते, हे पक्षाघाताचे मुख्य कारण होय. दोष डाव्या धमनीत असेल तर दुबळेपणा उजव्या हातापायांत येतो. अंधारी मात्र डाव्याच डोळ्यापुढे येते. मानेच्या डॉपलर सोनोग्राफीने हे अरुंदपण वेदनेविना कळते.

यावरचा जुना आणि पारखलेला उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. १९५३ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डीबेकी यांनी आणि १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी या मार्गाचा आरंभ केला. मानेवर छेद घेऊन धमनी उघडतात, आतील थर सोलून काढतात आणि ती पुन्हा शिवतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीने तिचे मोल सिद्ध केले. लहान झटका येऊन गेलेल्या आणि धमनी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांपैकी, केवळ औषधांवर असलेल्या शंभरातील २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ होते.

दुसरा मार्ग स्टेंटचा. बहुधा जांघेतील धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेतात, सुटणारे कण अडवण्यासाठी पुढे छत्रीसारखी गाळणी उघडतात आणि फुग्याने वाट रुंदावून तेथे धातूची जाळी बसवतात. मानेवर छेद नाही, बहुधा पूर्ण भूल नाही. साहजिकच कुटुंबाचा कल इकडे झुकतो. परंतु ‘कापाकापी नाही म्हणजे धोका नाही’ हे समीकरण येथे लागू पडत नाही.

अमेरिका व कॅनडातील २,५०२ रुग्णांवरील ‘क्रेस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचा एकत्रित हिशेब मांडला, तर चार वर्षांअखेर दोन्ही उपाय जवळपास बरोबरीचे ठरले : स्टेंट ७.२ टक्के, शस्त्रक्रिया ६.८ टक्के. भेद होता तो जोखमीच्या प्रकारात. उपचाराच्या काळात पक्षाघात स्टेंटनंतर ४.१ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर २.३ टक्के रुग्णांना झाला. उलट हृदयविकाराचा झटका स्टेंटनंतर १.१ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर २.३ टक्के जणांना आला. शस्त्रक्रियेत मानेतील नसांना इजा होऊन आवाज किंवा गिळण्यावर परिणाम होण्याची शक्यताही असते. बहुधा ती इजा कालांतराने भरून येते. साधारण सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड होते, कारण उतारवयात धमन्या वेड्यावाकड्या व चुनखडीसारख्या कडक झालेल्या असतात आणि त्यांतून नळी नेताना कण सुटण्याचा संभव वाढतो. हृदय दुर्बल असेल, मानेवर पूर्वी शस्त्रक्रिया वा किरणोपचार झाले असतील, तर स्टेंट श्रेयस्कर ठरू शकतो. लहान झटक्यानंतर शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावी; विलंबाबरोबर तिचा लाभ घटत जातो. मात्र धमनी पूर्णपणे बंद झाली असेल, तर सामान्यतः यांपैकी कोणताही उपाय केला जात नाही.

लक्षणे काहीच नाहीत, केवळ तपासणीत अरुंदपण आढळले, अशांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी घाई नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,६२५ रुग्णांच्या चाचणीत अपंगत्व आणणाऱ्या किंवा जीवघेण्या पक्षाघाताचे (उपचाराच्या काळातील घटना वगळून) पाच वर्षांतील प्रमाण दोन्ही उपायांत सारखेच, सुमारे २.५ टक्के आढळले. शिवाय कोलेस्टेरॉल घटवणारी व रक्त पातळ ठेवणारी औषधे, काबूत ठेवलेला रक्तदाब व मधुमेह आणि तंबाखूचा त्याग यांनी मूळ धोकाच पुष्कळ कमी होतो. ही पथ्ये शस्त्रक्रिया वा स्टेंटनंतरही सुटत नाहीत, कारण उपचार धमनीच्या एका तुकड्यावर होतो, रोग मात्र साऱ्या देहातील धमन्यांत असतो. स्टेंटनंतर काही काळ रक्त पातळ करणारी दोन औषधे एकत्र घ्यावी लागतात. ती परस्पर थांबवल्यास जाळीत गुठळी होऊ शकते. म्हणून पर्युषणातील उपवास असो वा चौविहार, गोळ्यांच्या वेळा व पाणी यांविषयी वैद्यकीय सल्ला आधीच घ्यावा.

निर्णयापूर्वी कुटुंबाने डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : वर्षाकाठी असे किती उपचार आपल्या हातून होतात? त्यांपैकी किती जणांना पक्षाघात वा मृत्यू आला? लक्षणे असलेल्या रुग्णांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आणि लक्षणे नसलेल्यांत तीन टक्क्यांच्या आत असावे, असा मान्य दंडक आहे. पेढीवर पै-पैचा ताळा घेणाऱ्यांनी खर्चाचा आकडा विचारण्यापूर्वी हा आकडा विचारावा. शस्त्रक्रिया की स्टेंट, याचे उत्तर रुग्णाचे वय, हृदय, धमनीची ठेवण आणि उपचार करणाऱ्याचा हात या चार गोष्टी एकत्र पाहूनच मिळते.