खालाजानचा स्कॅन

थायरॉइडच्या स्कॅनला जे इंजेक्शन देतात ते एका ॲसिडपासूनचं असतं, असं कुणीतरी खालाजानना सांगितलं आणि त्यांनी जायचंच नाकारलं. सांगणारा अर्धं बरोबर होता.

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीत पालेर्मो इथे पेरिये आणि सेग्रे यांनी शोधलं. ते ऑक्सिजनमध्ये जाळलं की पिवळं ऑक्साइड बनतं, ते पाण्यात विरघळलं की परटेक्नेटिक ॲसिड. हे तीव्र ॲसिड आहे, म्हणजे पाण्यात आपला हायड्रोजन जवळपास सगळा सोडून देतं. हायड्रोजनच्या जागी सोडियम आलं की उरतो तो साधा क्षार, सोडियम परटेक्नेटेट. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या परमँगनेटचा हा भाऊबंद, पण त्याच्याइतका जहाल नाही.

दवाखान्यात ॲसिड कुणी बनवत बसत नाही. मॉलिब्डेनम भरलेल्या नळीतून मिठाचं पाणी सोडलं की हा क्षार आयता उतरतो. शरीरात जातो तो अगदी नगण्य. त्याचा कण आकाराने आणि विद्युतभाराने आयोडाइडसारखा, म्हणून थायरॉइड फसते आणि त्याला आत घेते! मग त्याचे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. दर ६ तासांनी किरणोत्सर्ग निम्मा होतो, २४ तासांनी सोळावा हिस्सा.

घरातल्या सुनांसाठी एवढंच: दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगा. दूध किती वेळ थांबवायचं ते तेच सांगतील.